पहिल्या नावाच्या गैरहजेरीत

आमचे हे आयुष्यात एकदाच भर सभेतून उठून गेले. त्या दिवशी मला त्यांचा जेवढा अभिमान वाटला, तेवढा ना लग्नात वाटला होता ना त्यांच्या निवृत्तीच्या समारंभात. भांडून उठले असतील असं समजू नका. भांडणाचं खातं आमच्या घरात माझ्याकडे आहे. ते नुसते उठले, खुर्ची आवाज न करता मागे सारली आणि फाटकाबाहेर जाऊन उभे राहिले. एवढ्याने मला तोंड उघडायचा हक्क मिळाला आणि पुढे जे काय झालं ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो. थांबा, पहिल्यापासूनच सांगते.

आम्ही नारायण पेठेतले. तिथल्याच एका शाळेत मी जन्मभर मराठी शिकवलं आणि निवृत्तीनंतर दोघांच्या पुंजीतून वाघोलीला फ्लॅट घेतला. पेठेतले नातेवाईक अजून फोनवर विचारतात, "मग, पुण्याला कधी येताय?" मी म्हणते, "तुम्हीच या इकडे, घरात वारा येतो." पाणी मात्र टँकरने येतं, हे मी सांगत नाही. कशाला त्यांना आनंद द्यायचा?

आमच्या समोरच्या दारात यवतमाळच्या दोन बहिणी भाड्याने राहतात. थोरली आयटी कंपनीत, रात्रपाळीला. धाकटीने वकिलीची पदवी घेतली होती आणि ती न्यायाधीशाच्या परीक्षेचा अभ्यास करत होती. क्लास सदाशिव पेठेत, पण अभ्यास घरी, आणि तोही मोठ्याने. तिचं दार उघडं, माझं दार उघडं, त्यामुळे मटार सोलता सोलता मला पुराव्याचा कायदा निम्मा पाठ झाला होता. ती पहिल्यांदा आली तेव्हा म्हणाली, "काकू, काय करून राहिल्या?" माझ्यातली मराठीची बाई ताडकन जागी झाली. म्हटलं, "करून राहिल्या काय गं? काय करताय, असं म्हण." ती हसली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच म्हणाली. आता मीच यांना विचारते, "अहो, काय करून राहिले?" गेली माझी प्रमाण मराठी पाण्यात. टँकरच्या.

एका सकाळी लिफ्टमध्ये सूचना लागली. येत्या रविवारी सर्वसाधारण सभा, आणि तिच्यापुढे ठराव: 'सोसायटीत अविवाहित भाडेकरू ठेवू नयेत व असलेल्यांनी महिनाअखेर सदनिका रिकामी करावी.' लिफ्ट सहाव्या मजल्यावर येईपर्यंत मी तो कागद तीनदा वाचला आणि त्यात शुद्धलेखनाच्या चुकाही काढल्या. राग आला की मला चुका जास्त दिसतात.

तक्रार कुणाची होती ते सगळ्यांना माहीत होतं. चौथ्या मजल्यावरच्या वहिनींची. थोरलीला सोडायला पहाटे कंपनीची गाडी यायची आणि ड्रायव्हर फाटक उघडायला हॉर्न वाजवायचा. वहिनींची झोपमोड व्हायची, ते खरंच होतं. पण हॉर्नवरून गोष्ट मुलींच्या येण्याजाण्यावर गेली, तिथून कपड्यांवर, आणि मग 'वातावरण बिघडतं' इथपर्यंत पोचली. वहिनींचा सोसायटीत दराराच तसा. गणपतीची वर्गणी त्या गोळा करणार, भोंडल्याला खिरापत काय ते त्या ठरवणार. त्यांच्या दारावर पितळेची सुंदर पाटी होती. वर वहिनींचं नाव, खाली यजमानांचं. "आमच्याकडे लेडीज फर्स्ट हो!" असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या. खोटं कशाला बोलू, मला त्या पाटीचा हेवा वाटायचा. आमच्या दारावर नुसतं आडनाव आहे.

धाकटी त्या संध्याकाळी आमच्याकडे आली, ती पार उतरलेल्या चेहऱ्याने. मी म्हटलं, "अगं, तू कायदा शिकलेली. खेच की या कमिटीला कोर्टात!"

"जिंकीन न काकू. हा ठराव टिकायचाच नाही कुठे. पण टिकत नाही हे ठरेस्तोवर माझी परीक्षा होऊन जाईल. घरमालक म्हणून राहिले, कमिटीशी वाकडं नको, खाली करा. आणि बाबा म्हणते, हा शेवटचा चान्स. आता घर सुटलं तर सामान घेऊन सरळ गावाला ये."

"आणि गावाला काय?"

"पोरगा पाहून ठेवला आहे," ती म्हणाली. एवढंच म्हणाली आणि नखं कुरतडायला लागली.

मला राहवेना. म्हटलं, "मी बोलते सभेत. बघतेच एकेकाला."

"काकू, सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर पहिलं नाव कोणाचं आहे? तुमचं की काकांचं?"

यांचं होतं. अर्थातच यांचं होतं. फ्लॅट घेताना बिल्डरच्या ऑफिसातल्या माणसाने कुणाचं पहिलं घालायचं हे विचारलंसुद्धा नव्हतं. धाकटीने मग मोबाइलवर कायदा काढला आणि वाचायला लागली. एका घराला एक मत. नावं दोन असली तर मत पहिल्या नावाचं... इतकंच मी ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. पगार दोघांचा गेला, हप्ते दोघांनी फेडले, टँकरवाल्याशी फोनवर रोज मी भांडते आणि मत यांचं? ती पुढे वाचत होती, पण रागावलेल्या माणसाला वाक्याचा पहिलाच तुकडा ऐकू येतो. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटायला लागले. हे मात्र बाहेर तिच्यासमोर बसून शेवटपर्यंत ऐकत होते. ते नेहमीच शेवटपर्यंत ऐकतात. बोलत नाहीत, ही खरी अडचण. चारचौघांत उभं केलं की त्यांना घाम फुटतो. मुलाच्या लग्नात आभारही मीच मानले होते.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये सभा भरली. प्लास्टिकच्या खुर्च्या, पुढे पुरुष, मागे खांबांच्या आडोशाला आम्ही बायका. तसं कुणी सांगत नाही, आपोआपच होतं. फाटकाबाहेर केटररने कढई चढवली होती, कारण वडे नसतील तर आमच्याकडे सभेला माणूस येत नाही. अध्यक्ष एका मोठ्या कंपनीत मॅनेजर होते. त्यांना अजूनही वाटतं की आम्ही सगळे त्यांच्या हाताखाली आहोत. त्यांनी जमाखर्च भराभर उरकला आणि ठराव वाचला. "कुणाला काही हरकत नसावी," असं म्हणून ते पान उलटणार, तेवढ्यात मी उभी राहिले.

"मला हरकत आहे."

"आपण सभासद आहात का?"

"हे काय विचारणं झालं? घर माझंही आहे."

"पहिलं नाव कुणाचं?"

"यांचं."

"मग बसा. आपल्याला मत नाही."

मत नाही! अहो, मला कुणी काहीही म्हणावं, कजाग म्हणावं, फटकळ म्हणावं, पण मला मत नाही असं आजवर माझ्या शत्रूनेही म्हटलेलं नाही. मी म्हटलं, "मत मला पुष्कळ आहे. ऐकायची तुमची तयारी नाही." मागे बायका फिसकन हसल्या. अध्यक्ष हसले नाहीत. ते यांच्याकडे वळून म्हणाले, "साहेब, आपल्याला काही बोलायचंय का? नसेल तर पुढे जाऊ."

सगळ्या खुर्च्या कुरकुरल्या. सगळे यांच्याकडे वळून बघायला लागले. हे उठले. कान लालबुंद झालेले. पुढचं मला पाठ होतं: 'काही नाही' म्हणतील आणि बसतील. खांबापलीकडे जिन्याच्या तोंडाशी धाकटी उभी होती. भाडेकरूंना सभेत प्रवेश नव्हता, पण जिन्याला कोण अडवणार? तीही डोळ्यांत प्राण आणून बघत होती.

हे म्हणाले, "मी जरा बाहेर जातो."

"अहो साहेब, विषय तुमच्याच मजल्याचा चाललाय. बसा!"

आणि मग हे, दारात कुणी वर्गणी मागायला आलं तरी मला हाक मारणारे हे, खुर्ची मागे सारून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मी गैरहजर आहे."

मी जन्मभर शाळेत हजेरी घेतली. नाव पुकारल्यावर समोर उभं राहून 'मी गैरहजर आहे' म्हणणारा विद्यार्थी माझ्या वर्गात कधी निघाला नाही. निघाला असता तर मी त्याला अंगठे धरून उभा केला असता. हे चपला सरकवून चालू लागले. सभा खोखो हसत होती, मलाही काही कळेना, आणि तेवढ्यात जिन्यातून धाकटीचा आवाज आला, अगदी तिच्या अभ्यासाच्या आवाजात: "पहिल्या नावाची व्यक्ती हजर असेल तर मत तिचं. तिच्या गैरहजेरीत दुसऱ्या नावाच्या व्यक्तीचं."

"भाडेकरूंनी बोलू नये!" अध्यक्ष ओरडले.

आमचे सचिव म्हणजे निवृत्त हिशेबनीस, नियमाबाहेर शिंकणार नाहीत असा माणूस. त्यांनी नियमांचं पुस्तक चाळलं, चष्मा वर केला आणि म्हणाले, "साहेब, आहे तसं. पहिलं नाव बाहेर गेलं, आता बाईंना मत आहे."

काय सांगू तुम्हाला! भांडी आपटताना मी ज्या वाक्याला पाठ दाखवली होती, त्याचा उरलेला अर्धा भाग त्या माणसाने मनात जपून ठेवला होता. मला हसू येत होतं, रडू येत होतं आणि बोलायचं तर प्रचंड होतं. मी तशीच पुढे गेले, पुरुषांच्या ओळी ओलांडून.

"हॉर्न ड्रायव्हर वाजवतो," मी म्हटलं. "त्याला सांगा फाटकाबाहेर थांब, मुलगी चालत येईल. त्यासाठी तिचं घर कशाला काढून घेता? आणि ही धाकटी. उद्या ती न्यायाधीश झाली ना, तर याच फाटकावर अभिनंदनाचा फ्लेक्स लागेल. त्यावर तिचा फोटो एवढासा आणि कमिटीचे फोटो एवढाले. मी ओळखत नाही का तुम्हाला?"

आता मात्र सगळीकडून हशा आला. आणि तिसऱ्या ओळीतली एक तरुण मुलगी, आयटीवाली, नवऱ्याला कोपराने ढोसत म्हणाली, "तू पण जा ना यार बाहेर. सीरियसली, जा."

तो गेला. त्याच्यामागून दुसरा गेला. अहो, मग तर लाइनच लागली! कुणाला बायकोने डोळ्यांनी उठवलं, कुणी वड्यांच्या वासाने उठलं, एक आजोबा तर "आम्हाला कधीपासून जायचंच होतं" म्हणत गेले. पुढच्या खुर्च्या रिकाम्या होत होत्या आणि खांबांमागून बायका पुढे येऊन त्यांत बसत होत्या. अध्यक्ष म्हणाले, "कोरम! कोरम जातोय!" सचिव शांतपणे म्हणाले, "जात नाही, साहेब. दुसरी नावं हजर आहेत."

चौथ्या मजल्यावरच्या वहिनी मागे कशाला राहतील? त्यांनी यजमानांना फर्मावलं, "अहो, तुम्हीपण निघा. मत मी देते. लेडीज फर्स्ट!" त्यांचं मत कुठे जाणार हे स्पष्टच होतं. बायका म्हणजे सगळ्या आमच्या बाजूच्या, असं मुळीच नव्हतं. कितीतरी जणी ठरावाच्या बाजूने हात वर करायला सरसावून बसल्या होत्या. पण निदान ज्याची त्याची बाजू आता ज्याच्या त्याच्या तोंडून येणार होती.

सचिवांनी एकेक घर पुकारून मतं घेतली. मी बोटांवर मोजत होते आणि मध्येच चुकत होते. जिन्यातली धाकटी मोजतही नव्हती, डोळे मिटून उभी होती. शेवटी उरलं वहिनींचं घर, आणि तोवर ठरावाच्या बाजूने एक मत कमी होतं. वहिनींचं मत पडलं की बरोबरी, आणि बरोबरी झाली की निर्णायक मत अध्यक्षांचं. म्हणजे संपलंच. सामान बांधा आणि यवतमाळ गाठा.

वहिनींनी हात वर केला. बांगड्या खळकन वाजल्या.

सचिव यादीवर बोट ठेवून थांबले. "वहिनी... आपलं नाव नाही."

"नीट बघा."

"बघितलं."

"अहो, असं कसं? दारावर पाटी आहे माझी!"

"दारावर आहे, वहिनी. इथे नाही. इथे एकट्या साहेबांचं आहे. दुसरं नावच नाही."

कुणी हसलं नाही. वहिनींचा हात तसाच वर राहिला होता, खाली घ्यायचं त्यांना सुचत नव्हतं. इतकी वर्षं त्या घराच्या पायऱ्या पुसणारी, रांगोळी घालणारी, कुणी त्या घरात पाऊल टाकायचं आणि कुणी नाही हे ठरवणारी ती बाई. मला त्यांचा राग होता ना? कुठे गेला कोण जाणे. माझ्याच हातातून कुणी काही ओढून घ्यावं तसं झालं.

अध्यक्ष म्हणाले, "काही हरकत नाही. साहेबांना बोलवा आत. ते देतील." आणि त्यांनी स्वतःच फाटकाकडे बघून हाक मारली.

वहिनींचे यजमान हातातला वडा सांभाळत दोन पावलं आत आले. वहिनींनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. ते जागच्या जागी थांबले.

"नको," वहिनी म्हणाल्या. "बोलवू नका त्यांना."

"अहो, पण तक्रार तुमचीच आहे!"

"नको म्हटलं ना! बाहेर आहेत ते. बाहेरच राहू देत." मग हात खाली घेतला आणि जिन्यातल्या धाकटीकडे बघत, कधी नव्हे त्या हळू आवाजात म्हणाल्या, "हिला काय काढायचं घरातून? मीसुद्धा भाडेकरूच की."

ठराव पडला. सचिवांनी तो पडल्याचं वाचून दाखवलं आणि मग मला काही भानच राहिलं नाही. मी धावत जाऊन धाकटीला मिठी मारली. ती "काकू, काकू" एवढंच म्हणत रडत होती, थोरली रात्रपाळी करून झोपली होती तिला उठवायला कुणीतरी वर पळालं, आयटीवाली मुलगी शिट्टी मारत होती. माझ्या वयाला शिट्टी शोभत नाही, आणि मला येतही नाही, नाहीतर मीही मारली असती!

हे फाटकाशी कागदी बशीत दोन वडे घेऊन उभे होते. एक माझ्यासाठी ठेवलेला. "काय झालं?" त्यांनी विचारलं.

"गैरहजर होतात ना? मग इतिवृत्तात वाचा," मी म्हटलं. आणि मग नगर रोडवरच्या भर रहदारीत त्यांचा हात धरून उभी राहिले. आम्ही दोघं असे कुणासमोर हात धरणाऱ्यांतले नाही. कायदा म्हटलं की मला काळा कोट आणि तारखा आठवायच्या. कुणीतरी केव्हातरी एक वाक्य लिहून ठेवतं, ते वर्षानुवर्षं पडून राहतं, आणि एखाद्या रविवारी नवरे बाहेर आणि बायका पुढच्या खुर्च्यांवर येतात, हे मला कुठे ठाऊक होतं? आणि कागदावर जिचं नाव नाही तिला तेच वाक्य उघड्यावर आणून उभंही करतं.

संध्याकाळी समोरची बेल वाजली. मी लगेच आमच्या दाराच्या भोकाला डोळा लावला. वहिनी होत्या. मला वाटलं, आता भांडण. पदर खोचून मी दार उघडणार, तोच त्यांचा आवाज आला, "अगं, नाव चढवायला काय काय करावं लागतं?"

"या न काकू, बसा न," धाकटी म्हणाली. "काकांची सही लागेल."

"ती मी बघते. तू कागद सांग."

दुसऱ्या दिवशी चौथ्या मजल्यावर लिफ्ट थांबली तेव्हा मी सवयीने पाटीकडे बघितलं. पाटी नव्हती. भिंतीत चार भोकं आणि पाटीच्या आकाराचा कमी मळलेला चौकोन. मी विचारलं तर म्हणाल्या, "कागदावर लागेल तेव्हा दारावर लावीन." यजमान म्हणे तीनदा समजावून थकले की अगं, घर आपल्या दोघांचंच आहे. त्यावर वहिनींनी चहा दिला आणि विचारलं, "मग लिहायला काय होतंय?"

परीक्षेच्या दिवशी मी सकाळी दहीसाखरेची वाटी घेऊन दार उघडलं, तर माझ्याआधी वहिनी वाटी घेऊन तिथे हजर. थोरली नुकतीच रात्रपाळीवरून आलेली, तिच्या हातावरही त्यांनी दही घातलं. "हॉर्न ऐकू आला नाही आज," त्या तिला म्हणाल्या, "उठायला उशीर होणार होता मला." मग धाकटीच्या तळहातावर दही ठेवून म्हणाल्या, "नीट लिही. लवकर न्यायाधीश हो. यांनी सही केली नाही तर माझी केस तुझ्याचपुढे लावते."

आम्ही सगळ्या हसलो. वहिनींचे यजमान तिला परीक्षेला सोडायला गाडीची किल्ली घेऊन जिन्यात उभे होते. ते हसले नाहीत.